स्टिम्युलसचा पैसा शाळेत आला, आता चाललाय. माणसं टिकवायची कशी?

चिऊचीआई
नमस्कार मंडळी. दोन आठवडे हे डोक्यात घोळतंय, शेवटी आज लिहायला बसले. माझी मुलगी इथे अमेरिकेत तिसरीत आहे. म्हणजे तिचं अख्खं किंडरगार्टन २०२०-२१ मध्ये लॅपटॉपसमोर गेलं. पहिलीत गेली तेव्हा तिला अक्षरं यायची पण शब्द जुळत नव्हते, पुस्तक समोर आलं की चित्र बघून अंदाजाने काहीतरी म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. त्याच वर्षी शाळेत कोविडच्या मदतनिधीतून दोन रीडिंग स्पेशालिस्ट नेमल्या. आमच्या वाट्याला ज्या मॅडम आल्या त्या रोज पंचवीस मिनिटं चार मुलांना घेऊन अर्धगोल टेबलाशी बसायच्या. एकेका आवाजाला एक बोट टेबलावर टेकवायचं, श्, इ, प, आणि मग तीनही बोटं एकत्र सरकवायची, शिप. घरी जेवताना पण हिची बोटं ताटाशेजारी चालायची. फेब्रुवारीत एका रात्री तिने स्वतःहून एक पान मला वाचून दाखवलं, मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

आता मुद्दा. स्कूल बोर्डाच्या, म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, गेल्या मीटिंगमध्ये पुढच्या वर्षाच्या बजेटचा तक्ता दाखवला. दोन्ही रीडिंग स्पेशालिस्ट आणि एक काउन्सेलर, तिघांच्या नावापुढे "निधी समाप्त" एवढंच. नवरा म्हणतो की एकदाच मिळणाऱ्या पैशातून माणसं नेमलीच कशाला, छप्परं आणि एसी दुरुस्त करायचे होते. मला ते पटत नाही पण उत्तरही देता येत नाही. जून २०२४ मध्ये बजेटवर मतदान आहे, त्याआधी पालकांना प्रत्येकी तीन मिनिटं बोलायला मिळतात. मी बोलणार आहे. काय मागू? सरकारने मंदीत किंवा संकटात शाळांना दिलेला असा पैसा नक्की कशावर घालायला हवा, याबद्दल तुमचे अनुभव हवे आहेत.

रेवा
अगं अगदी आमच्याकडे हेच चाललंय, फक्त आमच्याकडे रीडिंगऐवजी गणिताचे ट्यूटर. वाचतेय.

आकडेमोड
मी दुसऱ्या एका राज्यात स्कूल डिस्ट्रिक्टच्या (एका भागातल्या सरकारी शाळांचं प्रशासन) बजेट ऑफिसात काम करतो, त्यामुळे हा तक्ता मी दुसऱ्या बाजूने रोज बघतो. आधी पैसा कुठून आला ते सांगतो.

तुमच्या मॅडमचा पगार ज्यातून होतो त्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोविड मदतनिधीला आम्ही 'एसर' म्हणतो. तो तीन हप्त्यांत आला. मार्च २०२० च्या केअर्स कायद्यातून सुमारे १३ अब्ज डॉलर, डिसेंबर २०२० मध्ये ५४ अब्ज आणि मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमधून १२२ अब्ज. एकूण १९० अब्जांच्या आसपास. फेडरल सरकारने शाळांना एका दमात एवढा पैसा त्याआधी कधीच दिला नव्हता. वाटप टायटल वन या नेहमीच्या फेडरल निधीच्या प्रमाणात झालं, म्हणजे जिथे गरीब घरांतली मुलं जास्त तिथे जास्त. तिसऱ्या हप्त्यातले किमान २० टक्के बुडालेलं शिक्षण भरून काढायला वापरायचे अशी अट होती, बाकी बरीच मोकळीक. पण शेवटच्या हप्त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४. त्या तारखेनंतर नवीन खर्च त्यात बांधता येत नाही.

सर्वसाधारणपणे शाळांच्या पैशात फेडरल वाटा दहा टक्क्यांच्याही आत असतो. बाकी राज्य आणि स्थानिक, त्यात प्रॉपर्टी टॅक्स मोठा. त्यामुळे हा पैसा गेला की तो कोणी आपसूक भरून देत नाही. आमच्या ऑफिसात याला 'कडा' म्हणतात, म्हणजे चालता चालता जमीन संपते ती जागा. ही कडा २०२१ पासूनच कॅलेंडरवर होती, अचानक आलेली नाही. म्हणून तुमचा पहिला प्रश्न बोर्डाला हा हवा की तीन वर्षांपूर्वी ही पदं काढली तेव्हा पुढच्या वर्षांचा हिशोब मांडला होता का, आणि मांडला असेल तर तो दाखवा.

तर्कट
माझं मत वेगळं आहे आणि ते मी मनापासून मांडतोय, कुणाला दुखवायला नाही. महामारीनंतर सरकारी शाळांतली मुलं देशभरात दहा लाखांहून जास्त कमी झाली. मुलं कमी होत असताना डिस्ट्रिक्टांनी माणसं वाढवली. याचा शेवट काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. आज त्या मॅडमना जावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण ज्या दिवशी त्यांना नेमलं त्याच दिवशी त्यांची फसवणूक झाली होती असं मी म्हणेन. तात्पुरता पैसा तात्पुरत्याच कामाला लावावा.

फळाखडू
तर्कट, माझी तशी "फसवणूक" झालेली आहे, तर सांगते.

२००९. कॅलिफोर्निया. माझं नोकरीचं दुसरं वर्ष. तिथे कायद्याने १५ मार्चच्या आत प्राथमिक नोटीस द्यावी लागते आणि अंतिम १५ मेच्या आत. राज्याचा महसूल मंदीत कोसळलेला, त्यामुळे आमच्या शाळेत आम्हा सात जणींना एकाच दिवशी नोटीस. मुख्याध्यापक वर्गात आले, मुलं भागाकार करत होती, त्यांनी पाकीट माझ्या हातात न देता टेबलावर वहीखाली सरकवलं आणि खांद्यावर हात ठेवून गेले. मी तास पूर्ण केला. मे महिन्यात स्टिम्युलसचा पैसा राज्यात पोचला आणि सातपैकी पाच नोटिसा मागे घेतल्या, त्यात माझी होती. २०१० मध्ये परत नोटीस. यावेळी खरंच बाहेर पडले. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकन संसदेने शिक्षकांच्या नोकऱ्यांसाठी वेगळे १० अब्ज मंजूर केले, आणि शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात मला फोन आला की या.

म्हणजे तात्पुरत्या पैशाने मला दोनदा वाचवलं. त्या दोन वर्षांत माझ्या वर्गात साठेक मुलं शिकली. त्यांच्यासाठी ती वर्षं तात्पुरती नव्हती, चौथी एकदाच येते. मला नेमू नका असं तेव्हा कुणी ठरवलं असतं तर वर्गात चाळीस मुलं कोंबली असती एवढंच झालं असतं.

तर्कट
@फळाखडू, हे वाचून थांबलो जरा. पण तुमचं उदाहरण आधीपासून असलेली नोकरी टिकवण्याचं आहे, नवीन पद काढण्याचं नाही. दोन्हींत फरक आहे असं मला अजून वाटतं.

फळाखडू
फरक आहे. मान्य.

पारावरचा
मी भारतातून वाचतोय, एक मूलभूत प्रश्न. स्टिम्युलस म्हणजे अर्थव्यवस्थेला चालना. मग त्यात शाळा कुठून आल्या? रस्ते, पूल समजतात.

आकडेमोड
चांगला प्रश्न. इथे जवळपास सगळ्या राज्यांना बजेट समतोल ठेवायचं बंधन आहे, फेडरल सरकारसारखी तूट काढून चालवता येत नाही. मंदी आली की आयकर आणि विक्रीकर आटतो आणि राज्याला त्याच वर्षी खर्च कापावा लागतो. राज्याच्या खर्चात शाळा सगळ्यात मोठ्यांपैकी एक, आणि शाळेच्या खर्चात बहुतांश पगार. म्हणजे मंदीत राज्यं शिक्षक काढतात, ते शिक्षक खर्च आवरतात, मंदी आणखी खोल जाते. फेडरल सरकारने मधे हात घातला तर हे चक्र थांबतं. रस्ता बांधायला आराखडा, टेंडर, जमीन लागते, पगार चालू ठेवायला काहीच लागत नाही.

२००९ चा रिकव्हरी कायदा, ज्यावर ओबामांनी १७ फेब्रुवारीला डेन्व्हरमध्ये सही केली, त्यात ७८७ अब्जांपैकी १०० अब्जांच्या आसपास शिक्षणाला होते. त्यातला मोठा भाग, ५३.६ अब्ज, मुख्यतः राज्यांच्या बजेटातली भोकं बुजवायला. शाळा बांधकामाचा वेगळा निधी सिनेटच्या वाटाघाटीत गळाला. त्याऐवजी शाळा बांधायला स्वस्तात कर्ज उभारता येईल असे रोखे दिले, २००९ आणि २०१० साठी प्रत्येकी ११ अब्जांचे.

आणि एक गोम. राज्यांना अट होती की स्वतःचा शिक्षणखर्च २००६ च्या पातळीखाली नेऊ नका. पण २००६ आणि २००९ मधे तीन वर्षांची वाढ होती! काही राज्यांनी स्वतःचा पैसा तिथपर्यंत खाली आणला आणि फरक फेडरल पैशाने भरला. वरून बघताना आकडा तोच, आतला पैसा बदललेला. पुढे मदत संपली तेव्हा राज्यांचा महसूल अजून सावरला नव्हता. २०१२ पर्यंत स्थानिक शाळांतल्या सुमारे ३ लाख नोकऱ्या गेल्या.

रेवा
आणि एका गव्हर्नरने पैसा घ्यायलाच नकार दिला होता ना?

आकडेमोड
साउथ कॅरोलायना, मार्क सॅनफर्ड. सुमारे ७० कोटी डॉलरचा प्रश्न होता. ते म्हणत होते की तेवढ्याचं राज्याचं कर्ज फेडू दिलं तरच घेतो. विधानसभा म्हणाली घ्या, ते म्हणाले नाही, शेवटी जून २००९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने अर्ज करा असा आदेश दिला.

निळाई
मी विशेष गरजांच्या मुलाची आई. २००९ मध्ये आयडीईए, म्हणजे अपंग मुलांच्या शिक्षणाचा फेडरल कायदा, त्यालाही ११ अब्जांच्या वर जादा मिळाले होते. तेव्हा आम्हा पालकांना किती आनंद झाला होता! या कायद्यात १९७५ पासून फेडरल सरकारने अशा दर मुलामागे देशातल्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत देण्याची भाषा केलीये आणि आजवर एकदाही तिथपर्यंत पोचलेलं नाही.

पण त्याच कायद्यात एक तरतूद आहे की फेडरल वाटा वाढला तर वाढीच्या निम्म्यापर्यंत डिस्ट्रिक्टने स्वतःचा खर्च कमी केला तरी चालतो. आमच्या डिस्ट्रिक्टने केला. कायदेशीरपणे केला. दोन वर्षांनी जादा पैसा गेला, आणि कमी केलेला खर्च परत वर यायला कुणी बांधील नव्हतं. माझ्या मुलाची स्पीच थेरपी आठवड्याला तीनदा होती ती एकदा झाली. तेव्हा तो सहा वर्षांचा होता, "पाणी" सोडून कुठला शब्द स्पष्ट निघत नव्हता.

म्हणून चिऊचीआई, माझा सल्ला. त्या तीन मिनिटांत "मॅडमना ठेवा" एवढंच मागू नकोस. डिस्ट्रिक्टचा स्वतःचा पैसा गेल्या तीन वर्षांत वाचनावर वाढला की कमी झाला, तो आकडा माग. मदतीच्या आडोशाने आपला हात मागे घेतला असेल तर तो तिथेच पकडता येतो.

दक्षिणगोल
तुमच्या नवऱ्याच्या "बिल्डिंग बांधा" मताला ऑस्ट्रेलियातून थोडी भर. २००९ मध्ये इथल्या पंतप्रधान केविन रड यांच्या सरकारने ४२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचं पॅकेज आणलं, त्यातले १६ अब्जांहून जास्त फक्त शाळांच्या इमारतींना. जवळपास प्रत्येक प्राथमिक शाळेला हॉल नाहीतर लायब्ररी नाहीतर वर्गखोल्या. बांधकाम मजुरांना काम मिळालं, ते तर खरंच.

पण घाई इतकी होती की राज्यांनी ठरावीक नमुने करून ठेवले आणि त्यातलाच एक घ्या म्हणून सांगितलं. पेपरांत महिनोन्महिने गदारोळ, मग चौकशीसाठी टास्कफोर्स. त्यात दिसलं की बहुतेक शाळांची तक्रार नव्हती, पण न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात सरकारी शाळांना बांधकाम कॅथलिक शाळांपेक्षा महाग पडलं, कारण कॅथलिक शाळांनी स्वतःचे आर्किटेक्ट आणि कंत्राटदार धरले, निर्णय शाळेच्या जवळ ठेवला.

माझी मुलगी ज्या शाळेत गेली तिथे लायब्ररी आधीच चांगली होती, त्यांना झाकलेलं अंगण हवं होतं, मिळाला हॉल. पंधरा वर्षं झाली, हॉल उभा आहे आणि वापरलाही जातो, संध्याकाळी कराटे, शनिवारी भाषावर्ग. बिल्डिंग राहते हे खरं. पण तिला दरवर्षी रंग, वीज, सफाई लागते, तोही कायमचा खर्चच आहे की. "एकदाच" असं काहीच नसतं.

जुनीपानं
दक्षिणगोल यांचं शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. मी थोडं मागे नेतो.

महामंदीत हा वाद झालेला आहे. १९३३ साली अमेरिकेत पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन हे सरकारी बांधकामांचं खातं सुरू झालं आणि त्याने शाळा बांधायचा सपाटाच लावला. १९३३ ते १९३९ मध्ये देशात झालेल्या नव्या शैक्षणिक इमारतींपैकी सुमारे ७० टक्के त्याच्या मदतीने झाल्या असं सांगतात. जुन्या गावांत विटांच्या दुमजली शाळा दिसतात ना, दारावर दगडात साल कोरलेलं, त्यातल्या कितीतरी तेव्हाच्या.

पण त्याच काळात शिकागोच्या शिक्षकांचे पगार महिनोन्महिने थकले होते. एप्रिल १९३३ मध्ये ते रस्त्यावर उतरले, बँकांवर मोर्चे नेले. नुसत्या विटांनी शाळा चालत नाही हे सरकारलाही कळलं. म्हणून त्याच वर्षी मदतनिधीतून बेकार शिक्षकांना नेमून गरीब मुलांसाठी बालवाड्या काढल्या, पुढे त्या डब्ल्यूपीए या बेकारांना काम देणाऱ्या सरकारी खात्याकडे गेल्या. तिथे मुलांना दूध, गरम जेवण, डॉक्टरची तपासणी मिळायची. १९४३ मध्ये डब्ल्यूपीएच बंद झालं. काही बालवाड्या युद्धकाळातल्या दुसऱ्या निधीवर तगल्या, बाकीच्या मिटल्या. इमारती आजही आहेत, बालवाड्या नाहीत. यावरून माणसं नेमणं चुकीचं होतं असा निष्कर्ष काढायचा का? माझ्या मते उलटा निघतो, की ज्याची उपयोगिता सिद्ध झाली ते कायमच्या बजेटात आणायचं धैर्य नंतर कुणी दाखवलं नाही.

तर्कट
जुनीपानं, हा मुद्दा मला पटला. माझा राग नेमण्यावर नाही, नेमून पुढचा विचार न करण्यावर आहे, हे मला लिहिता लिहिता कळतंय. पण मग कायमचं करायला पैसा कशातून काढायचा तेही सांगायला हवं. "ठेवा" म्हणणं सोपं आहे, "त्याऐवजी हे कापा" म्हणणं अवघड.

रेवा
एसीचा विषय निघालाय तर, मी आमच्या शाळेत ठेवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या मीटरबद्दल लिहू का? खिडक्या उघडत नाहीत, जेवणानंतर आकडा चढतच जातो, आणि मुलं पेंगायला लागतात. जुना पंखा असा घरघरतो की मागच्या बाकांना बाईंचा आवाज येत नाही.

आकडेमोड
लिहा की, अवांतर अजिबात नाही. जून २०२० मध्ये सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेनेच सांगितलं होतं की सुमारे ४१ टक्के डिस्ट्रिक्टांना किमान निम्म्या शाळांतली हवा खेळवणारी यंत्रणा सुधारायची किंवा बदलायची गरज आहे. म्हणून चिऊच्या बाबांचं म्हणणंही खोटं नाही. डेट्रॉइटला एसरमधून सव्वा अब्जाच्या आसपास मिळाले आणि त्यांनी सुमारे ७० कोटी इमारतींना वेगळे काढून ठेवले, तिथल्या शाळांची अवस्थाच तशी होती.

आता तर्कटच्या "कशातून" ला उत्तर. चिऊचीआई, तीन जागा शोधा. एक, टायटल वनचा पैसा दरवर्षी येतो, त्यातून रीडिंग स्पेशालिस्ट बसवता येते, फक्त आत्ता त्यातून जे काही चाललंय ते बाहेर काढावं लागतं. त्यात बऱ्याचदा सॉफ्टवेअरची लायसन्सं असतात. ती किती मुलं किती मिनिटं वापरतात हा रिपोर्ट कंपनीकडेच असतो, तो मागा. दोन, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे किती. एकालाही घरी न पाठवता जागा तिथे फिरवता येते. तीन, शिल्लक गंगाजळी किती टक्के आहे. पण ती पगारावर एका वर्षापेक्षा जास्त खाऊ नका, नाहीतर ती दुसरी कडा.

निळाई
आणि मुलांचे वाचनाचे आकडे मागच. सप्टेंबर ते मे, ज्यांना मॅडम मिळाल्या आणि ज्यांना नाही मिळाल्या. नावं नकोत, नुसते आकडे.

चिऊचीआई
किती शिकवलंत हो सगळ्यांनी. काल रात्री नवरा आणि मी दोघांनी पूर्ण धागा वाचला. तो हॉलच्या गोष्टीवर बराच वेळ गप्प होता. मी बोलायचं लिहून काढलंय, घड्याळ लावून वाचलं तर चार मिनिटं होताहेत, काय काढू? सॉफ्टवेअरचा मुद्दा की काउन्सेलरचा?

फळाखडू
दोन्ही ठेव. स्वतःची ओळख आणि आभार काढ, तिथेच चाळीस सेकंद जातात. चिऊच्या बोटांची गोष्ट मात्र आधी सांग, मग आकडे.

चिऊचीआई
मीटिंग झाली. रात्री साडेअकरा. लिहूनच झोपते.

बोटांच्या गोष्टीपासून सुरुवात केली. मग विचारलं की २०२१ मध्ये तीन वर्षांपुढचा हिशोब कुठे आहे. बोर्डाच्या एका बाईंनी अधिकाऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, मलाही तो बघायचाय. सॉफ्टवेअरचा वापर विचारला तर उत्तर आलं की माहिती गोळा करावी लागेल. दुसऱ्या एका पालकांनी त्यांची तीन मिनिटं त्याच प्रश्नाला दिली, मी त्यांना ओळखतही नव्हते.

चिऊचीआई
दोन आठवड्यांनी परत लिहितेय. मतदान झालं, त्यात एक रीडिंग स्पेशालिस्ट टायटल वनवर घेतली, एक लायसन्स रद्द करून. दुसरी जागा गेली. काउन्सेलरही गेले. आमच्या मॅडम राहिल्या, पण आता दोन शाळांत अर्धा अर्धा दिवस.

तर्कट
मनापासून अभिनंदन. काउन्सेलरचं वाईट झालं.

जुनीपानं
धागा वर काढतोय. जूनअखेर हार्वर्ड-स्टॅनफर्डच्या गटाचा अभ्यास आला, याच मदतनिधीवर. दर मुलामागे १,००० डॉलर जादा मिळाले तिथे गणितात एका वर्षाच्या शिक्षणाच्या सुमारे ३ टक्के इतकी जास्त प्रगती दिसली. फार मोठी नाही पण आहे. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीचं गणित ८ गुणांनी पडलं होतं, त्या खड्ड्यापुढे ही वाटचाल सावकाशच म्हणायची.

निळाई
सरासरीत चिऊही असेल आणि कधीच न उघडलेलं सॉफ्टवेअरही असेल.

चिऊचीआई
हो ना. शाळा सुरू झाली परवा. दोन्ही शाळांत टेबल नाही म्हणून मॅडमनी घडीचं एक आणलंय, गाडीच्या डिकीत ठेवतात आणि दुपारी दुसऱ्या शाळेत नेतात. चिऊ आता चौथीत, तिला मदत लागत नाही. पण टेबल उतरवायला ती आणि तिची मैत्रीण जातात.